भिंतीवर जाऊन आलेला माणूस

त्या दुकानात दोर, तंबू, पाठपिशव्या आणि डोंगरात घालायचे बूट मिळत. पण लोक येत ते उस्तादांना विचारायला. मालक वेगळा होता, तो गल्ल्यावर बसे. उस्ताद काउंटरच्या अलीकडे, हात पाठीमागे बांधून उभे असत. वय बावन्न, अंगाने काटक, बोलणं हळू. गिऱ्हाईक आत आलं की आधी त्याच्या पायांकडे बघायचे, मग चेहऱ्याकडे. "डावी टाच जास्त झिजलीय तुमची," असं पहिल्याच वाक्यात म्हणायचे आणि समोरचा तिथेच निम्मा गार व्हायचा. जुना दोर बोटांतून सरकवत त्याचं नेमकं कुठे बिनसलंय ते सांगायचे. अडकलेल्या चेनवर मेणबत्ती घासून ती सुरळीत करून द्यायचे आणि त्याचं काही घ्यायचे नाहीत. हे सगळं त्यांना खरोखर येत होतं. आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढच्या गोष्टीत ते फार खुजे दिसतील, आणि माणूस तितका खुजा नव्हता.

अडचण एका वाक्याची होती. मालक नव्या गिऱ्हाइकाला त्यांची ओळख करून देताना म्हणायचा, "हे मोठ्या भिंतीवर जाऊन आलेत."

मोठी भिंत म्हणजे शहरापासून सहा तासांवरचा दोन हजार फुटांचा सरळसोट कडा. तो एका दिवसात चढून होत नाही. तीन-चार दिवस कड्यावरच राहायचं, तिथेच खायचं, कापडी खाट खिळ्याला टांगून तिच्यावरच झोपायचं. त्या भिंतीवर गेलेला माणूस म्हटलं की लोकांचा आवाज आपोआप खाली यायचा. आणि मालकाचं वाक्य खोटं नव्हतं. उस्ताद भिंतीवर गेले होते आणि आले होते. किती वर जाऊन आले ते मालकाने विचारलं नाही, आणि उस्तादांनी पंचवीस वर्षांत सांगितलं नाही.

ते गेले होते शंभर फूट.

सव्विसाव्या वर्षी ते एका जिवलग मित्राबरोबर भिंतीखाली पोचले. ज्या कड्यावर हाताला पकड आणि पायाला आधार नसतो तिथे चढायची रीत अशी : फटीत लोखंडाचा तुकडा ठोकायचा, त्याला जाड पट्ट्यांची शिवलेली शिडी अडकवायची, तिच्या पायऱ्यांवरून वर जायचं, वरून पुढचा तुकडा ठोकायचा, दुसरी शिडी त्याला लावायची. असं करत करत, मुंगीच्या पावलांनी. पहिला टप्पा बरा गेला. दुसऱ्या टप्प्यात उस्ताद पुढे होते. शिडीच्या चौथ्या पायरीवर असताना वारा आला, शिडी पायाखालून भिंतीपासून सुटून बाहेर गेली, आणि त्यांनी खाली बघितलं. त्यानंतर त्यांना हात सोडवेनात. दोन खिळ्यांना मिठी मारून ते पावणेदोन तास तिथे होते. मित्र खालून बोलत राहिला. आधी थट्टेने, मग रागाने, मग लहान मुलाशी बोलावं तसा. त्या पावणेदोन तासांत त्यांची पँट ओली झाली. मित्राला ते दिसलं. मित्राने त्यांना एकेक फूट करून खाली आणलं, नाल्याच्या पाण्याने पँट धुवायला लावली आणि ती वाळेपर्यंत दुसऱ्याच विषयावर बोलत बसला. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या कोणाबरोबर जाऊन भिंत पुरी करून आला. त्याच्याच धाकट्या बहिणीशी उस्तादांचं लग्न झालं, म्हणजे मित्राचा मेहुणा झाला. एवढ्या वर्षांत त्याने त्या दुपारचा विषय काढला नाही.

आता गोष्टीतली बाई. ती शहरात बस चालवायची. चाळिशी उलटलेली, मनगटं जाड, बोलणं रोखठोक. तिची चढाईची जोडीदार होती तिची नणंद, शाळेत गणित शिकवणारी. नणंद-भावजय एका दोरावर, हे ऐकून दुकानात हमखास कोणीतरी हसायचं, आणि बसवाली ठरलेलं उत्तर द्यायची की घरात भांडण झालं तर एकमेकींचा गळा धरावा लागतो, इथे दोर धरलेला पुरतो. दोघी आठ वर्षं लहानमोठे कडे चढत होत्या. त्या वर्षी त्यांनी मोठी भिंत ठरवली. सुट्ट्या जुळवल्या, घरच्यांची समजूत काढली. बाकी सामान उसनंपासनं जमलं. राहिल्या होत्या शिड्या.

बसवाली एकटीच आली. दुकानात तीन तऱ्हेच्या शिड्या होत्या. एक भारी किमतीची, टोकाला आडवी दांडी असलेली आणि पायऱ्यांत कडक पट्टी शिवलेली. एक मधली, दांडी असलेली पण जरा जड. आणि एक अगदी साधी, मऊ पट्ट्यांची, बिनदांडीची. घडी केली की मुठीत मावेल अशी. तिचा खिसा बेताचा होता आणि तिने ते लपवलं नाही. दोघींना दोन जोड लागणार. साध्या घेतल्या तर जमतं, बाकीच्या घेतल्या तर बेत पुढच्या वर्षावर जातो. तिने तिन्ही शिड्या काउंटरवर पसरल्या, पायऱ्यांत हात घालून बघितलं आणि सरळ विचारलं,

"उस्ताद, तुम्ही भिंतीवर कुठल्या वापरल्या होत्या?"

"अशाच. साध्या." हे खरं होतं. त्या काळी दुसऱ्या मिळतच नव्हत्या.

"पाय दुखत नाहीत? चार दिवस उभं राहायचं म्हणजे."

इथे त्यांनी म्हणायला हवं होतं की मला ठाऊक नाही. पण शेजारी दोघं गिऱ्हाइकं कान देऊन उभी होती. शिवाय तिचा बेत मोडू नये असंही त्यांना मनापासून वाटत होतं. चांगुलपणा आणि बढाई अशी एकाच वेळी तोंडात आली.

"पहिल्या दिवशी टोचतं," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी कळतही नाही. सवयीचा भाग आहे."

तिने साध्या शिड्यांचे दोन जोड घेतले, आणि जाताना त्यांना वाकून नमस्कार करायचा तेवढा बाकी ठेवला.

महिन्याने ती परत आली. दुपारची वेळ, दुकान रिकामं, मालक जेवायला गेलेला. पायात चपला होत्या आणि ती पाऊल तिरकं टाकत होती. दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली होती, एक निम्मं निघालेलं. तिने शिड्या काउंटरवर ठेवल्या, त्यांच्यावर आपला कमरेला बांधायचा पट्टा, हार्नेस, ठेवला, आणि विचारलं की हे जुन्यात कोणी घेईल का. तिला आता लागणार नव्हतं.

उस्तादांनी काय झालं ते विचारलं. तिने सांगितलं ते रडतराऊपणे नाही, बसचा अपघात अहवाल द्यावा तसं. पहिल्या दिवशी पायऱ्या टोचल्या. वजन टाकलं की मऊ पट्टी मिटते आणि पावलाला दोन्हीकडून चिमटा बसतो. वरच्या पायऱ्यांत तर पाऊल आत घालायलाच हाताने उकलून धरावं लागायचं. तिने दात खाऊन सहन केलं, कारण दुसऱ्या दिवशी कळणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बूट पायात जाईना. तरी ती एक टप्पा चढली. त्यानंतर बोटांत जीव राहिला नाही, शिडीत पाय आहे की नाही हे खाली बघून ठरवावं लागायला लागलं, आणि नणंद म्हणाली, वहिनी, उतरू या. सहाशे फुटांवरून त्या परतल्या.

"नणंदेने एका शब्दाने बोल लावला नाही," ती म्हणाली. "लावला असता तर बरं झालं असतं. तुम्ही याच शिड्यांवर अख्खी भिंत केलीत. शिड्यांचा काय दोष? माझ्याच अंगात तेवढं पाणी नाही. उगाच आठ वर्षं समजत होते."

उस्तादांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्यांनी तोंड उघडलंही. पण तोंडातून आलं ते एवढंच, की ठेवून जा, कोणी विचारलं तर बघतो. त्यांनी वहीच्या कागदावर तिचं सामान लिहून घेतलं, कागदाचा तुकडा फाडून तिला दिला. ती आभार मानून गेली. दाराच्या दोन पायऱ्या उतरताना तिने भिंतीला हात टेकवला, तो त्यांनी पाहिला.

दुकानाच्या मागच्या खोलीत छताच्या तुळईला एक कडी होती, गिऱ्हाइकाला दोर टांगून दाखवायची. उस्तादांनी दाराला आतून कडी घातली, बसवालीच्या शिड्या तुळईला अडकवल्या आणि बूट घालून तिसऱ्या पायरीवर उभे राहिले. पंचवीस वर्षांत त्यांनी शिड्या विकल्या होत्या, मोजल्या होत्या, उन्हात वाळवल्या होत्या; पाय ठेवला नव्हता. जमिनीपासून तीनच फुटांवर त्यांनी दोन्ही पट्ट्या मुठीत गच्च धरल्या. दहा मिनिटांनी करंगळी गेली. बाराव्या मिनिटाला अंगठा. सतराव्या मिनिटाला ते उतरले आणि खोक्यांवर बसून राहिले. ती अर्धा अर्धा दिवस अशी उभी राहिली होती, त्यांच्या एका वाक्याच्या भरवशावर. आणि वर स्वतःलाच नावं ठेवत दुकानात आली होती. दाराबाहेर मालक हाका मारत होता तरी त्यांना पटकन उठवेना.

त्या संध्याकाळी ते मेहुण्याकडे गेले. मेहुणा फ्रीज दुरुस्त करायचा. त्याच्या गाळ्यात एक फ्रीज पोटातलं सगळं बाहेर काढून आडवा पडला होता. उस्तादांनी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. मेहुणा पाना पुसत ऐकत होता. मग म्हणाला, की तिला जाऊन सांग, दुसरं काय. उस्ताद म्हणाले, सांगतो, पण मग गावभर होईल, आणि तुझ्या बहिणीच्या कानावर जाईल.

"तिला माहीत आहे," मेहुणा म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"सगळं. लग्न ठरायच्या आधीच सांगितलं होतं मी. बहीण द्यायची म्हणजे लपवून कसं चालेल? ती म्हणाली, नीट खाली आला ना, मग झालं."

उस्तादांना वाटलं आता बरं वाटेल. वाटलं नाही. उलट अंगावरचं उरलंसुरलं पांघरूणही कोणी ओढून नेल्यासारखं झालं. वीस-बावीस वर्षं ते घरी जेवताना भिंतीचा विषय निघाला की "असो" म्हणून पाण्याचा पेला उचलत, आणि बायको तेवढ्यात मीठ पुढे सरकवत असे. त्यांना ते आपलं विनयशील मौन वाटायचं. ती त्यांना सांभाळून घेत होती. घरी गेल्यावर ती इस्त्री करत होती. ते दारातच म्हणाले, "तुझ्या भावाने सांगितलं, तुला ठाऊक आहे म्हणून." तिने शर्टाची बाही उलटी केली आणि म्हणाली, "अहो, त्यात काय एवढं. तुम्हाला सांगायचं नव्हतं, म्हणून मी विचारलं नाही." मग तिने पुढचा शर्ट घेतला. रागावली नव्हती, त्यांना वेळ देत होती, आणि त्यांना तेच जड जात होतं.

बसवालीचा मार्ग त्यांना माहीत होता. तिसऱ्या दिवशी ते तिच्या बसमध्ये चढले आणि चालकाच्या मागच्या बाकावर बसले. समोर पाटी होती : चालकाशी बोलू नये. त्यांना त्या पाटीचा आधारच वाटला. तिने आरशातून त्यांना पाहिलं, मान हलवली. शाळा सुटलेली, बस गच्च, मग हळूहळू रिकामी. उस्ताद मनातल्या मनात वाक्य जुळवत होते आणि दर थांब्याला ते मोडत होतं. शेवटच्या थांब्यावर तिने इंजिन बंद केलं, डबा काढला आणि विचारलं, शिड्या गेल्या का?

"ताई," ते म्हणाले, "मी भिंत केलेली नाही."

डब्याचं झाकण उघडता उघडता ती थांबली.

"शंभर फूट गेलो होतो. तिथे घाबरलो. मित्राने उतरवलं. तो दुसरा दिवस, कळत नाही म्हणालो तो, तो मी पाहिलेलाच नाही. परवा तुमच्या शिडीवर उभा राहिलो, सतरा मिनिटांत पाय गेले. तुमच्यात काही कमी नव्हतं. मी खोटं बोललो."

पँटचंही सांगायचं त्यांनी ठरवलं होतं. ते काही सांगवलं नाही.

तिने डब्याचं झाकण परत लावलं.

"नखं येतील," ती म्हणाली. "नखांचं सोडा. उतरल्यापासून मी नणंदेसमोर मान वर करून जेवले नाही. तिला वाटलं मी तिच्यावर चिडलेय. घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही. आणि तुम्ही त्या दिवशी कागद फाडून दिलात मला, सामानाचा. तेव्हा सांगता आलं असतं."

"आलं असतं."

"मग?"

लाज वाटली, हे उत्तर होतं खरं, पण ते तिच्यासमोर काढायलाही लाज वाटली. निघायची वेळ झाली. ते उतरायला उठले तेव्हा ती आरशातच बघत म्हणाली, "येण्याजाण्याचं तिकीट काढलंय ना? मग बसा." ते बसले. परतीच्या वाटेवर तिने त्यांच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

दुकानात त्यांनी मालकाला सांगितलं की ते वाक्य आता बंद करा. मालक आधी हसला, मग म्हणाला, कशाला उगाच, धंद्याला बरं असतं. आणि दुसऱ्याच दिवशी सवयीने परत बोलला. तेव्हा उस्तादांनी गिऱ्हाइकादेखत म्हटलं, "शंभर फुटांपर्यंत." गिऱ्हाइकाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि काही न घेता गेलं. पुढे असं बऱ्याचदा झालं. काहींना ते आवडायचं, काही फिरकले नाहीत. दर वेळी उस्तादांच्या पाळ्या तशाच तापायच्या.

पंधरवड्याने दोघी आल्या. पुढे नणंद, हातात चौकटीची वही. मागे बसवाली, आता बंद बुटांत. नणंदेने सांगितलं की वहिनी अजून रागात आहे, पण रागाने भिंत चढता येत नाही, शिड्या लागतात. तर या वेळी ऐकीव काही नको. मागच्या खोलीत तीन कड्या लावा. मालकाने नाक मुरडलं, पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. पाठीवर भरलेली पिशवी घेऊन एकेकीने प्रत्येक शिडीवर अर्धा अर्धा तास उभं राहायचं, अशी तिची पद्धत. कितव्या मिनिटाला काय दुखलं ते वहीत. दुसऱ्या फेरीत ती उस्तादांकडे वळली आणि म्हणाली, "तुम्हीही."

ते चढले. शिडी त्यांच्या पायांखाली थरथरायला लागली आणि ते लपवायला जागा नव्हती. बसवालीने ते पाहिलं. तिने शिडीचं खालचं टोक बुटाने दाबून धरलं, म्हणजे ती हलायची थांबली.

त्या दुपारी जे हाती आलं ते उस्तादांना पंचवीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. टोकाची आडवी दांडी दिखाऊ नाही. तिच्यामुळे वरच्या पायऱ्या मिटत नाहीत, आणि उंच पाऊल टाकायचं तेव्हा तेवढाच फरक असतो. पायरीत शिवलेली कडक पट्टी तळव्याला जपते. भारी शिडीचा मोठेपणा मुख्यतः हलकेपणात, आणि चार दिवसांच्या बोज्यात तेवढ्या वजनाला कोण विचारतो. मधल्या शिडीची पायरी तर भारीपेक्षा दोन बोटं रुंद निघाली. बसवालीच्या पायाला तीच बसली. मग नणंदेने वहीवरून पेन उचललं आणि म्हणाली, आपण दोन जोड कशाला घेतोय? पुढे चढते तिला चांगली शिडी लागते. मागून येणारी तर वर बांधलेल्या दोरावरूनच येते, तिचा पाय एकाच खालच्या पायरीत असतो, तिला साध्या पुरतात. टप्पा संपला की अदलाबदल करू. म्हणजे मधल्या शिड्यांचा एकच जोड घ्यायचा. साध्या आपल्या आहेतच की.

"इतकं सोपं होतं," उस्ताद म्हणाले.

"विचारायला हवं होतं आम्ही दोघींनी मिळून," नणंद म्हणाली. बसवाली म्हणाली, "आणि सांगायला हवं होतं यांनी."

पुढच्या मोसमात दोघी भिंत पुरी करून आल्या. पाच दिवस लागले, चारच्या हिशेबाने नेलेलं पाणी शेवटच्या दिवशी घोट घोट वाटून प्यावं लागलं. उस्तादांना हे नणंदेकडून कळलं. एका दुकानाच्या रांगेत भेटली तेव्हा. बसवाली अजून येते, दोर घेते, बूट दाखवते. मात्र ती आता त्यांना उस्ताद म्हणत नाही. "अहो, जरा हे बघता का," म्हणते. त्यांनी सांगितलेलं ऐकते आणि मग विचारते, "हे स्वतः पाहिलेलं की ऐकलेलं?" ते बहुतेकदा म्हणतात, ऐकलेलं.

एका रविवारी सकाळी उस्ताद खिडकीत दाढी करत होते. बायकोने मागून विचारलं, शंभर फूट म्हणजे नेमकं किती हो? त्यांनी समोरच्या इमारतीकडे बोट केलं आणि खालून मजले मोजले. दहावा. हिरवा पडदा दिसतोय ना, तिथपर्यंत.

ती खिडकीशी आली, मान वर करून बघत राहिली. "एवढं?" ती म्हणाली. "मी तर चौथ्यालाच डोळे मिटले असते."

त्यांनी चेहरा पुसला, एका गालावर साबण तसाच राहिला. मग ते तिला सांगायला लागले : वारा कुठून आला, शिडी कशी सुटली, खाली नाल्यात दगड केवढे दिसत होते. पँटचंही सांगितलं. तिला सगळं आधीच माहीत होतं. तरी तिने मध्ये एकदाही तोडलं नाही.